थिन, लिन, पिन: सॅन फ्रान्सिस्कोतले चार दिवस

दिवस पहिला, 5 मे

विमानतळावरच्या अधिकाऱ्याने मला तीनच प्रश्न विचारले होते. कुठे राहणार, किती दिवस, कशासाठी आलात. "भाचीकडे, तीन आठवडे, तिला भेटायला," असं सांगितलं आणि पासपोर्ट हातात परत आला. रांगेत उभी राहिल्यापासून बाहेर पडेपर्यंत पाऊण तास गेला असेल. तो पाऊण तास इथे नोंदवून ठेवते, कारण पुढच्या चार दिवसांत त्याची आठवण पुन्हापुन्हा झाली.

साताऱ्यात आमचा सातआठ जणांचा अभिवाचनाचा गट आहे. जुनी पत्रं, रोजनिशा, कुणी कुणाला केलेले अर्ज असं आम्ही लोकांसमोर वाचतो. भाचीला ते ठाऊक. मार्चमध्येच तिचा फोन आला होता, "मावशी, तुमच्यासारखंच इथेही करतात. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी आलेल्या चिनी लोकांनी निषेधाची पत्रं लिहिली, कविता लिहिल्या, त्या मोठ्याने वाचतात. मेच्या पहिल्या आठवड्यात आहे. तू तेव्हाच ये." त्या हिशेबानेच तिकीट काढलं.

फ्रीमाँटहून बार्ट या लोकल रेल्वेने शहरात आलो आणि चायनाटाऊन पायी हिंडलो. ग्रँट ॲव्हेन्यूवर कंदिलांच्या माळा आणि प्रवाशांची गर्दी. एक रस्ता वर गेलं की स्टॉकटन स्ट्रीट, आणि खरी वस्ती तिथे दिसते. भाजी उलटीपालटी करून निवडणाऱ्या आज्या, वाळवलेल्या माशांचा वास, खोक्यांतून ओसंडणारी संत्री. पोर्ट्समथ स्क्वेअरमध्ये म्हातारी माणसं घोळक्याने पत्ते कुटत होती. मे महिना असून वारा इतका गार की मी शालीवर भाचीचं जाकीटही चढवलं.

843 स्टॉकटन स्ट्रीटवर 'सिक्स कंपनीज' या जुन्या चिनी संघटनेची इमारत आहे. तिच्यासमोर बराच वेळ उभी राहिले. 1882 च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेत यायला बंदी केली. 1892 च्या गिअरी कायद्याने ती बंदी वाढवली आणि वर असा नियम घातला की जे आधीपासून इथे आहेत त्यांनी नोंदणीचा दाखला सतत जवळ बाळगायचा, नसेल तर हद्दपारी. तेव्हा याच संघटनेने आपल्या लोकांना सांगितलं की नोंदणी करू नका. बहुतेकांनी केली नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1893 मध्ये ते हरले. ट्रान्सवालमधला दाखल्यांविरुद्धचा सत्याग्रह आपण शाळेत शिकतो. त्याच्या चौदा-पंधरा वर्षं आधी, समुद्राच्या या काठावर, भाजीवाले आणि धोबीकाम करणारे लोक तेच करून बसले होते. मला हे साठी ओलांडल्यावर कळलं, याचं वाईट वाटलं.

दिवस दुसरा, 6 मे

वाचनाला आजचीच तारीख का, ते तिथे गेल्यावर समजलं. 6 मे 1882 ला राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर यांनी त्या बंदीच्या कायद्यावर सही केली.

छोटं सभागृह, चाळीसेक खुर्च्या, माईक नाही. पद्धत साधी होती. वाचणाऱ्याने उभं राहायचं, साल सांगायचं, पत्र कुणाला लिहिलंय ते सांगायचं आणि वाचायचं. हावभाव नाहीत, पार्श्वसंगीत नाही. आमच्या गटात हल्ली कुणी ना कुणी बासरी लावायचा आग्रह धरतं. इथलं ऐकून मी मनाशी ठरवलं की परत गेल्यावर ती बंद.

पहिलं पत्र 1852 चं. गव्हर्नर जॉन बिगलर यांनी एप्रिलच्या अखेरीस विधिमंडळाला संदेश पाठवला, की चिन्यांची आवक थांबवा. त्यावर नॉर्मन असिंग नावाच्या खानावळीच्या मालकाने 'डेली अल्टा कॅलिफोर्निया' या वर्तमानपत्रात गव्हर्नरना उघड पत्र लिहिलं, ते 5 मे रोजी. म्हणजे मी काल शहर हिंडत होते तीच तारीख. चष्मा लावलेला एक तरुण ते वाचत होता. इंग्रजी घडीव, वकिली. मी चिनी आहे, प्रजासत्ताक मानणारा आहे, स्वतंत्र संस्थांवर माझं प्रेम आहे, अशी स्वतःची ओळख करून देऊन असिंग गव्हर्नरना त्यांचीच राज्यघटना समजावून सांगतो. तुमचा देश रान होता तेव्हा आम्ही कलाकौशल्यात पुढे होतो, हेही ऐकवतो.

त्याच पत्रात एक जागा टोचणारी आहे. आफ्रिकी माणसांशी आणि मूळ रहिवाशांशी आमचं नातं तुमच्याइतकंच, कातडीचं खानदान काढाल तर आम्ही युरोपातल्या कित्येकांच्या बरोबरीचे, असं तो म्हणतो. स्वतःवरचा अन्याय सांगताना आणखी कुणाला तरी खालच्या पायरीवर ठेवून देतो. वाचणाऱ्याने ते वाक्य गाळलं नाही आणि घाईने उरकलंही नाही. मला ते फार योग्य वाटलं. आपल्या वडीलधाऱ्यांचं लिखाण वाचताना असा मोह होतो की बोचरा भाग सोडून द्यावा. पण मग निषेधाचं पत्र वाचायचं कशाला?

मग 1885 मधलं साँग बो यांचं पत्र. न्यूयॉर्कच्या बंदरात स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा उभा करायचा होता आणि चौथऱ्यासाठी वर्गणी गोळा होत होती. चिनी लोकांकडेही मागितली. साँग बो यांनी लिहिलं, या भूमीत स्वातंत्र्याच्या पुतळ्यासाठी आमच्याकडे वर्गणी मागणं हा आमचा अपमान आहे. त्या देवतेच्या हातात येणाऱ्यांना वाट दाखवणारी मशाल, आणि येण्याची बंदी तर आम्हालाच. ते तिथे थांबत नाहीत. पुतळा भेट देणारे फ्रेंच स्वतः आनाम आणि टोंकिनच्या लोकांचं स्वातंत्र्य हिरावून घेतायत, त्याचाही जाब विचारतात. शेवटी म्हणतात की चिन्यांविरुद्धचा हा कायदा जास्त टिकेल की हा पुतळा, ते पुढच्या पिढ्यांना कळेल. इंग्रजीत कायदा आणि पुतळा यांसाठी त्यांनी वापरलेल्या statute आणि statue या दोन शब्दांत एका अक्षराचा फरक आहे. वाचणाऱ्या बाईंनी ते दोन शब्द असे काही शेजारी ठेवले, की खोलीत कुणीतरी जोरात श्वास घेतलेला ऐकू आला.

आणि मग मेरी टेप.

मेरी टेप अकरा वर्षांची अनाथ मुलगी म्हणून 1868 मध्ये चीनमधून इथे आली. पुढे लग्न केलं, संसार उभा केला. तिची मुलगी मेमी आठ वर्षांची झाली तेव्हा स्प्रिंग व्हॅली शाळेने तिला चिनी म्हणून प्रवेश नाकारला. टेप दांपत्य कोर्टात गेलं आणि मार्च 1885 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातही जिंकलं. शिक्षण मंडळाने त्यावर पळवाट काढली. चिनी मुलांची वेगळी शाळा उघडली, म्हणजे मेमीला तिकडे ढकलता येईल. 8 एप्रिल 1885 रोजी मेरीने मंडळाला पत्र लिहिलं. चिनी म्हणून जन्माला येणं ही काय लाज आहे का, आपल्या सगळ्यांना देवानेच केलं ना, असं विचारत ते सुरू होतं आणि पुढे चढत जातं.

छापलेलं पत्र माझ्या हातात होतं. स्पेलिंगच्या चुका, कुठेही मोठी अक्षरं, एकामागोमाग तीन-तीन उद्गारचिन्हं. कागदावर पाहिलं की नजर आधी त्या चुकांवर जाते. पण वाचायला उभ्या राहिलेल्या बाईंच्या तोंडून पत्र सुरू झालं आणि त्या चुका नाहीशा झाल्या, कारण स्पेलिंग कानाला ऐकू येत नाही. उरली ती फक्त एका आईची बोलण्याची धाटणी. कुणाचं चुकीच्या भाषेतलं पत्र मोठ्याने का वाचावं, याचं याहून चांगलं कारण मला माहीत नाही. मेमी तुमच्या चिनी शाळेत कधीही जाणार नाही, असं मेरीने लिहून पुढे एकच शब्द टाकलाय, 'कधीच नाही', आणि त्यापुढे तीन उद्गारचिन्हं. ती कशी वाचणार याची मी वाट पाहत होते. बाईंनी तो शब्द हळू उच्चारला आणि मग तीन श्वास गप्प राहिल्या.

मेमीला शेवटी त्या वेगळ्या शाळेतच जावं लागलं. हेही सांगितलं गेलं, पत्र संपल्यावर, एका वाक्यात.

दिवस तिसरा, 7 मे

काल संयोजकांपैकी एकांनी मला एक कागद दिला. इथल्या खाडीतल्या एंजल बेटावर, बाहेरून आलेल्यांना जिथे अडकवून ठेवत त्या ठाण्याच्या भिंतींवर, कैद्यांनी कोरलेल्या ज्या कविता उद्या तिथे वाचल्या जाणार त्यातल्या दोन, चिनी अक्षरांत, प्रत्येक अक्षराखाली अर्थ आणि कँटनी उच्चार. "तुम्ही वाचन करता ना, तुमच्या भाषेत करून आणा," म्हणाले.

सकाळ भाचीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यात गेली. सात अक्षरांची एक ओळ, चारांनंतर विसावा, मग तीन. अशा चार ओळी. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या ओळीला यमक, तिसरी मोकळी. कँटनच्या आसपासच्या खेड्यांतली ही माणसं, कित्येकांचं शिक्षण गावच्या शाळेपुरतं, पण जुन्या तांग काळातल्या कविता तोंडपाठ. त्यामुळे कोंडून घातल्यावर मनातलं बाहेर आलं ते त्याच छंदात, जसं आपल्या बायकांचं जात्यावर ओवीतच येई.

पहिल्या कवितेचा मुख्य अर्थ असा, की या लाकडी घरात अडकून कित्येक दिवस झाले, मेक्सिकोच्या कायद्याने मला यात गुंतवलं, वीराला पराक्रम गाजवायला जागा नाही, आता हाक येण्याची वाट पाहतो, म्हणजे झूचा चाबूक मारता येईल. हा झू म्हणजे जुन्या जिन राजवटीतला सेनापती झू दी. त्याचा मित्र ल्यू कुन म्हणे सतत धास्तीत असायचा, की झू आपल्याआधी घोड्याला चाबूक मारून पुढे जाईल. लिहिणाऱ्याने हे सगळं दोन अक्षरांत ठेवलंय, कारण त्याचा वाचक ते जाणत होता. मराठीत तळटीप दिली तर कविता मरते. मी कीर्तनकारांची वाट धरली. आधी गोष्ट सांगायची, मग ओळ म्हणायची.

दुपारी भाचीने गाडी काढली आणि मला वुड स्ट्रीटवर नेलं. 5 वुड स्ट्रीट, गदर पार्टीचं स्मारक. दार बंद होतं. बाहेरच उभ्या राहिलो. नोव्हेंबर 1913 मध्ये याच शहरातून 'गदर'चा पहिला अंक निघाला. आमच्याकडच्या तळेगाव ढमढेऱ्याचा विष्णु गणेश पिंगळे सिएटलला शिकायला आला, गदरमध्ये सामील झाला, हिंदुस्थानात परतला आणि 16 नोव्हेंबर 1915 ला लाहोरच्या तुरुंगात फासावर गेला.

तिथून परत येताना भाचीने वैष्णो दास बागाई यांचं सांगितलं. त्यांचाही गदरशी संबंध. 1915 मध्ये बायको कला आणि तीन मुलांना घेऊन पेशावरकडून आले तेव्हा काही दिवस एंजल बेटावरच अडकले होते. पुढे नागरिकत्व मिळालं, आणि हिंदी लोकांना नागरिक होता येणार नाही असं ठरवणाऱ्या 1923 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ते काढून घेतलं गेलं. 1928 मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. मागे ठेवलेलं पत्र 'सॅन फ्रान्सिस्को एक्झामिनर'ने छापलं. सोनेरी पिंजऱ्यात जगण्यात काय अर्थ आहे, असा प्रश्न त्यात आहे.

घरी येऊन मी दुसरी कविता पुन्हा काढली. तिचा शेवटचा शब्द 'लुंग'. लुंग म्हणजे पिंजरा. सकाळी मी तिथे 'तुरुंग' हा शब्द घातला होता. तो खोडला.

दिवस चौथा, 8 मे

फेरी बिल्डिंगहून बोट. अल्काट्राझ डावीकडे राहिलं, त्याच्याकडे सगळ्यांचे कॅमेरे वळले. आम्ही वाचनाचे पंधराएक जण एका बाजूला. अयाला कोव्हला उतरलं की आधी लाकडी पायऱ्या, शंभराच्या वर, मग बेटाला वळसा घालणारा रस्ता. दीडेक मैल चालल्यावर पूर्वेकडच्या उतारावर, झाडांच्या मागे, ती दुमजली लाकडी इमारत दिसते. खाली धक्का, मोठी घंटा, पलीकडे खाडी. जागा इतकी देखणी की पोटात कसंसंच झालं.

1910 च्या जानेवारीत हे ठाणं सुरू झालं आणि 1940 मध्ये आग लागून बंद पडलं. अंदाजे एक लाख चिनी या काळात इथे अडकवून ठेवले गेले. जपानी, रशियन, पंजाबी असे आणखीही होते. कुणाचे दोन-तीन आठवडे, कुणाचे महिने. सर्वांत जास्त दिवस काढलेल्या माणसाचा आकडा 756 आहे. मला माझा विमानतळावरचा पाऊण तास आठवला.

मजुरांना बंदी, पण अमेरिकन नागरिकाच्या मुलांना येता येत होतं. 1906 च्या भूकंपानंतरच्या आगीत शहरातली जन्माची दप्तरं जळाली. मग कितीतरी जणांनी आपण इथेच जन्मलो असं सांगितलं आणि गावाकडच्या मुलांना कागदोपत्री मुलगे म्हणून आणलं. त्यांना नावच पडलं, कागदी पुत्र. ते ओळखायला अधिकारी प्रश्नांचा भडिमार करत. तुमच्या घराला किती पायऱ्या, तांदळाची कणगी कुठे, शेजारच्या घरात कोण राहतं. उत्तर 'वडिलांच्या' उत्तराशी जुळलं नाही की परत पाठवणी. माझ्या माहेरच्या वाड्याला किती पायऱ्या होत्या, ते मी तिथे उभी राहून आठवायचा प्रयत्न केला. सहा की सात? मी त्या वाड्यात एकोणीस वर्षं राहिले. मी नापास झाले असते. खोटं बोलल्याचा दोष त्या मुलांना देणं मला जमत नाही. खरं बोलणाऱ्याला आत येण्याची वाट त्या कायद्याने ठेवलीच नव्हती.

आतल्या खोल्यांत लोखंडी खांबांना लटकवलेल्या झोपण्याच्या फळ्या, एकावर एक. मधून जेमतेम एक माणूस जाईल एवढी जागा. आणि भिंती. आधी नुसत्या भिंती दिसतात, रंग उडालेल्या. मग आमच्याबरोबरच्या स्वयंसेविकेने टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून तिरपा धरला, आणि अक्षरं उमटली. उभ्या ओळी, उजवीकडून डावीकडे. वाऱ्याने आणि पाण्याने झिजलेल्या आपल्या शिलालेखांसारखी नव्हेत, उलट. लाकडात कोरलेली, मग अधिकाऱ्यांच्या हुकमाने लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवलेली, वर रंग. पुन्हा कोरलेली, पुन्हा बुजवलेली. वर्षं गेली तशी लांबी आक्रसली आणि तिच्याखालची अक्षरं वर आली. त्याच लांबीने आणि रंगाने लाकूडही जपलं.

तरी हे सगळं जाणार होतं. 1970 मध्ये इमारत पाडायची असं ठरत होतं. अलेक्झांडर वाइस या उद्यान-रक्षकाने टॉर्चच्या उजेडात ही अक्षरं पाहिली. वरिष्ठांनी मनावर घेतलं नाही, तर तो आपल्या ओळखीच्या प्राध्यापकाकडे, जॉर्ज अराकींकडे गेला. फोटो काढले गेले, चिनी-अमेरिकन समाज जागा झाला, आणि 1976 मध्ये राज्याने जतनासाठी अडीच लाख डॉलर मंजूर केले. त्याही आधी, 1931-32 च्या सुमारास, स्मायली जान आणि टेट यी या दोघा कैद्यांनी भिंतींवरच्या नव्वदेक कविता आपापल्या वह्यांत उतरवून घेतल्या होत्या. आज दोनशेहून अधिक कविता हाती आहेत. बायकांची एकही नाही. त्यांना दुसऱ्या इमारतीत ठेवत, आणि 1940 च्या आगीत जळाली ती तीच. वाचन सुरू होण्याआधी आम्ही सगळे बाहेर, तिच्या रिकाम्या जोत्यापाशी जाऊन उभे राहिलो. वाचायला काही नव्हतं म्हणून कुणी काही वाचलं नाही.

मग आत. सत्तरीचे एक गृहस्थ पुढे आले. त्यांचे वडील इथे होते, कागदी पुत्र म्हणून आले, आणि मुलांनाही कागदावरचंच आडनाव मिळालं. खरं आडनाव घरात फक्त चिंगमिंगच्या दिवशी, पूर्वजांना उदबत्ती लावताना, उच्चारलं जाई. एवढं सांगून त्यांनी कविता म्हणायला घेतली. वाचली नव्हे, म्हटली. थोडं गाणं, थोडं बोलणं, चौथ्या अक्षरावर किंचित लांबवून. कँटनीत जुनी यमकं शाबूत आहेत, हे मी परवा नुसतं ऐकलं होतं. आता कानाने ऐकलं. पहिल्या ओळीच्या टोकाला थिन, म्हणजे दिवस. दुसरीच्या टोकाला लिन, गुंतणं. तिसरी मोकळी सुटली. आणि चौथी येऊन पिनवर आदळली. पिन, चाबूक. लाकडी खोलीत तो आवाज फळ्यांवरून परत आला.

परवाची पत्रं आणि या कविता यांतला फरक मला तेव्हा कळला. असिंगने गव्हर्नरना लिहिलं, मेरी टेपने मंडळाला. वर बसलेल्यांना, त्यांच्या भाषेत. या कवितांमध्ये गोऱ्या अधिकाऱ्यावर राग आहे, धमक्याही आहेत, पण त्या त्याला लिहिलेल्याच नाहीत. त्याला वाचता येत नव्हतं. त्या पुढच्या बोटीने येऊन त्याच फळीवर झोपणाऱ्या माणसासाठी आहेत.

मला बोलावलं. मी झूची गोष्ट इंग्रजीत सांगितली, चाबकाची कविता मराठीत वाचली. मग दुसरी. सुटका होऊन बाहेर पडणाऱ्या माणसाची ती आहे. मुळात जेड आहे, तो शब्द माझ्या ओळीत बसेना, म्हणून रत्नं घेतली.

सोडून निघालो दूर आज हा उंबरा,
गावबंधूंनो, करा आनंद साजरा.
सगळा थाट विलायती, असं म्हणू नका,
रत्नांनी मढवला तरी हा पिंजरा.

"पुन्हा," ते गृहस्थ म्हणाले. मी पुन्हा वाचली. त्यांची बोटं मांडीवर काहीतरी मोजत होती.

परतीची बोट गाठायची होती. स्वयंसेविकेने टॉर्च बंद केला आणि भिंत पुन्हा नुसती भिंत झाली. उतारावरून चालताना ते गृहस्थ माझ्या बरोबरीने आले आणि माझा कागद मागितला. उलटसुलट करून पाहिला. त्यांना त्यातलं एकही अक्षर कळत नव्हतं, मला त्यांच्या भिंतीवरचं कळलं नव्हतं तसंच.

"तुमचं यमक कुठे आहे ते दाखवा," म्हणाले.

मी पर्समधून पेन काढलं आणि उंबरा, साजरा, पिंजरा या तीन शब्दांखाली रेघा मारल्या. त्यांनी तिसऱ्या ओळीखालच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून मान हलवली, कागदाची घडी केली आणि खिशात ठेवला.